मी पण हसले

मंगळवार, संध्याकाळ

आज अंबडच्या त्या कारखान्यात मी हसायला नको होतं.

रोहिणीला ऐकू येत नाही. सहा महिन्यांपूर्वी तिला तिथे पॅकिंगमध्ये मीच लावलं. जी माणसं दारातूनच परत पाठवली जातात त्यांना आत कसं सामावून घ्यायचं, हे कारखान्यांना शिकवायचं, हाच माझा एकटीने उभा केलेला व्यवसाय. आज मॅनेजर तिच्यासमोरच म्हणाले, "मॅडम, अशा अजून चार द्या. काम चोख आणि बडबड शून्य." सगळे हसले. मी पण हसले. का? पुढच्या वर्षाच्या करारावर त्यांची सही व्हायची होती म्हणून?

रोहिणीने खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही.

काही नाही. घरच्यांपासून सगळे तिला जन्मभर हेच सांगत आलेत. आणि 'असं सांगू नका', हे मीच लोकांना शिकवते.

ऑफिसात परत आले, तर बोलायला कोणी नाही. आईचा फोन आला. तिला एवढंच म्हटलं, सही झाली. ती खूश झाली, आणि मला जास्तच एकटं वाटलं.

शेवटी रोहिणीला मेसेज केला. ते काय म्हणाले ते लिहिलं, मी हसले तेही लिहिलं. माफी मागितली.

उत्तर आलं: "ताई, ओठांवरून कळलं होतं मला. तुम्ही सांगता का, हे मी बघत होते. उद्या डबा घेऊन या ना. सहा महिने झाले, मी एकटीच जेवते."

सहा महिने दर भेटीत मी मॅनेजरनाच विचारत आले, रोहिणी कशी आहे.