उशीओ लोउरेइरो यांचे बोलण्याचे यंत्र जमा न करण्याबाबत

प्रति,
मा. श्री. फान्दिन्यो,
विभागप्रमुख, साहाय्यक साधने,
जिल्हा कल्याण कार्यालय, कास्त्रोमारे.

अर्जदार : साबेला लोउरेइरो, मु. पोर्तोमेइन

विषय : माझ्या भावाच्या यंत्रात बसविलेला मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हर काढणार नाही व यंत्रही देणार नाही, याबाबत.

संदर्भ : ‘उपकरण तत्काळ जमा करावे’ असे आपले पत्र. त्यावर शिक्का आहे, सही नाही.

महोदय,

सविनय सादर करते की, ‘सविनय’ हा शब्द अर्जात घालावा लागतो म्हणून घातला आहे.

१. माझा थोरला भाऊ उशीओ जन्मापासून तोंडाने बोलू शकत नाही. त्याचे डोके तुमच्या-माझ्याइतकेच चालते, फक्त जीभ आणि हातपाय त्याचे ऐकत नाहीत. त्याच्या चाकांच्या खुर्चीला एक पडदा लावला आहे आणि पडद्यामागे पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्त संगणक आहे. उशीओ बोटाच्या पेराने पडद्यावरचे चित्र दाबतो, पुढचे पान उघडते, तो पुन्हा दाबतो, आणि यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणते. हे यंत्र आपल्याच कार्यालयाने दिले. त्याबद्दल मी तेव्हा आभार मानले होते, ते आता परत घेत आहे.

२. वसंतात आपल्या तंत्रज्ञाने सुरक्षेच्या नावाखाली यंत्रातील प्रणाली बदलली. पडद्यावर चित्रे काढणाऱ्या चिपला हुकूम समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. आमच्या यंत्रात मुक्तस्रोत, म्हणजे कुणीही उघडून वाचावा व सुधारावा असा, ड्रायव्हर होता आणि तो उत्तम चालत होता. तो काढून टाकला, कारण आपल्या मंजूर यादीत फक्त चिप बनविणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आहे. कंपनीने ती चिप केव्हाच वाऱ्यावर सोडली असल्याने तिचा ड्रायव्हर आपल्या नव्या प्रणालीवर चालतच नाही. परिणामी चिपच्या मदतीविना चित्रे आता गोगलगायीच्या गतीने उमटतात. तंत्रज्ञाने मात्र ‘उपकरण चालू आहे’ असा शेरा मारला. चालू होते खरे.

३. याचा परिणाम काय झाला ते सांगते. आमच्या शेजारच्या रेमेदिओस मावशींचे यजमान वारले. उशीओ त्यांना भेटायला गेला आणि त्याने ‘फार वाईट वाटलं’ हे चित्र दाबले. पण पडद्यावर अजून आधीचेच पान दिसत होते, आत मात्र यंत्र पुढच्या पानावर गेले होते आणि तिथे त्याच जागी दुसरे चित्र होते. भरल्या खोलीत यंत्र खणखणीत आवाजात म्हणाले, “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!” रेमेदिओस मावशी म्हणाल्या, “असू दे रे राजा, ते असते तर तेच आधी हसले असते.” त्या मोठ्या मनाच्या आहेत. उशीओने मात्र त्या दिवसापासून पडद्याला हात लावला नाही. मूठ आवळून भिंतीकडे तोंड करून बसायचा. माणसाचा आवाज बंद केलात तुम्ही, साहेब, आणि त्यावर ‘चालू आहे’ असे लिहिलेत.

४. मी आपल्याकडे आले. आपण विचारलेत, “या मुक्तस्रोत ड्रायव्हरचा मालक कोण?” मी म्हटले, “सगळ्यांचा आहे तो.” आपण म्हणालात, “सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, बाई. उद्या बिघडला तर मी धरू कुणाला?” ज्याचा मालक होता तो ड्रायव्हर बिघडला, तेव्हा आपण कुणाला धरलेत, हे कळविण्याची कृपा करावी. माझा मावसभाऊ ब्रेइशो आ कोरुन्या शहरात असे ड्रायव्हर लिहिण्याचेच काम करतो. तो म्हणाला, “कंपनीने एक ओळ सांगितली नाही गं. चिपला एकेक हुकूम देऊन, ती काय करते ते बघत बघत आम्ही लिहिलंय सगळं. कुणीही वाचावं. तुझ्या त्या साहेबानेही वाचावं, वाचता येत असेल तर.” हे मी शब्दशः दिले आहे.

५. यानंतर आपण नियम दाखविलात की, यादीबाहेरचे काही बसवायचे तर लाभार्थ्याने स्वतः, मंजूर उपकरणाद्वारे, स्पष्टपणे व विनाविलंब संमती द्यावी. सुनावणी झाली. मी हातापाया पडून उशीओला आणले. आपण प्रश्न विचारलात. त्याने पेर उचलून ‘हो’ दाबले. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो मी पाहिला. आपण घड्याळ पाहिलेत, ‘लाभार्थ्याने मौन पाळले’ असे लिहिलेत आणि पुढच्या माणसाला आत बोलावलेत. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा यंत्र म्हणाले, “हो.” तिथे फरशी पुसणारी बाई होती, ती दचकून म्हणाली, “मी कुठे काय विचारलं, साहेब?” मी धावत वर आले आणि ओरडले, “तो हो म्हणाला!” आपण मान वर न करता म्हणालात, “सुनावणी आटोपली. वरातीमागून घोडं काय कामाचं?” घोडे आपल्याच तबेल्यातले होते, महोदय. लंगडेही आपणच केले होते.

६. म्हणून रविवारी ब्रेइशोने आमच्या स्वयंपाकघरात बसून यंत्रात मुक्तस्रोत ड्रायव्हर पुन्हा घातला. मीच बोलावले होते, आणि वर शिंपल्यांचे सारण भरून भाजलेली एम्पनादाही खाऊ घातली. पडदा झरझर हलू लागला. उशीओने एकामागून एक पाने उघडून पाहिली. मग यंत्र म्हणाले, “ब्रेइशो, पाय काढ, चाकाखाली येईल.” त्यानंतर त्याने रेमेदिओस मावशींकडे न्यायला सांगितले. तिथे तो जे बोलला ते कार्यालयीन स्वरूपाचे नसल्याने येथे देत नाही. मी बाहेर ओसरीत उभी राहून रडले, हे मात्र नोंदवून घ्यावे.

७. पुढे आपला तंत्रज्ञ पाहणीला आला. उशीओने त्याला विचारले, “कॉफी घेणार का? साबेला बरी करते.” त्याने घेतली, आणि कार्यालयात जाऊन कळविले की उपकरणात विनापरवाना फेरफार झाला आहे. त्यावर आपले संदर्भीय पत्र आले. यंत्राच्या बदल्यात आपण पुठ्ठ्याचा चित्रतक्ता देऊ केला आहे. म्हणजे समोर कुणी बसून पाहत असेल तरच उशीओ बोलणार. रात्री त्याचा जीव घुसमटला आणि मी पलीकडच्या खोलीत असले, तर पुठ्ठा मला हाक मारणार आहे का? आपण तो पुठ्ठा आपल्याच घरी टांगावा व त्यावर जेवण मागून पाहावे.

तरी, मी कोणतीही विनंती करीत नाही. विनंत्या करून झाल्या. यंत्र जमा करणार नाही, ड्रायव्हर काढणार नाही, आणि दंड केलात तर तो न भरता आपल्या दारात उशीओसह येऊन बसेन. त्याला बोलायला खूप आवडते.

आपली, पण नम्र नव्हे,

(सही)
साबेला लोउरेइरो
पोर्तोमेइन, दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
१) सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत. ‘मौन’ या शब्दाखाली रेघ माझी आहे.
२) ड्रायव्हरचा संपूर्ण मजकूर कुठे वाचता येईल, ते ब्रेइशोने लिहून दिलेली चिठ्ठी.
३) आपण मागविलेले उपकरण : जोडलेले नाही. कारण उशीओने स्वतः सांगितले, ते त्याच्याच शब्दांत : “साहेब, पत्र साबेलाने वाचून दाखवलं. माझा आवाज मी पोस्टाने पाठवत नसतो. हवा असेल तर घरी या आणि माझ्याकडे मागा. मी नाही म्हणणार, आणि तुम्हाला ते ऐकावं लागणार.”