फाटकाजवळचं बीळ

११ ऑगस्ट, सोम.
प्लास्टरची उरलेली रेती दोन घरांच्या मधल्या भिंतीला पडून आहे, तिच्यात भोकं. शेजारच्या मावशी उकळतं पाणी घेऊनच आल्या. "गांधीलमाश्या होत वं, लेकराइले चावतीन." अडवलं. आधी बघू तर द्या! दोघी पाट टाकून बसलो. एक सडपातळ माशी हिरवी अळी ओढत आली, भोकात गेली, बाहेर येऊन वरून रेती लोटली. मोबाइलवर शोधलं. एका भोकात एकच राहते, अळी पिल्लासाठी, छेडल्याशिवाय चावत नाही.
मावशी विरघळल्याच. "बाई वं, एकटीच लेकरासाठी एवढं करते?" त्यांनीही अविनाशला एकटीनंच वाढवलं. पाणी मोरीत ओतलं.

१४ ऑग., गुरु.
मावशींनी गल्लीभर केलं. शुभाले सारं समजते म्हणे. आता ज्याला त्याला मी रेती दाखवून राहिले, "काही करत नाहीत हो." मजा येते, खोटं कशाला बोलू.

१९ ऑग., मंगळ.
आपल्या फाटकाच्या खांबाशी बीळ. या रेतीतल्या नाहीत. जाड, काळ्या, पोटावर पिवळा पट्टा. एकाच भोकातून कितीतरी आत-बाहेर, दोन तर तोंडाशी पहाऱ्याला. म्हणजे आत पोळं आहे. हे चावणारं प्रकरण.
कोणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू? पोळा झाला की गुपचूप माणूस बोलावते. तोवर स्कूटी मागच्या दारानं.

२२ ऑग., शुक्र. पोळा.
पुरण चांगलं जमलं. संध्याकाळी भुरभुर पाऊस. मावशींनी दरवर्षीसारख्या पळसाच्या फांद्या आणल्या, त्यांच्या नि आपल्या फाटकाला. आपली रोवली तेव्हा मी खिडकीत होते. बिळापासून वीतभरही नाही. एक माशी निघाली, पावसात परत आत गेली. मी हाक मारणारच होते.
"शुभे, घट्ट बसली पाह्य!"
म्हटलं, हो मावशी, छान.
उद्या पहाटे 'मारबत' म्हणत फांदी उपटून ईडापीडेसकट फेकायची असते. त्या उठायच्या आत मीच काढते, अंधारात, हळूच. म्हणजे झालं.

२३ ऑग., शनि.
जाग आली नाही. बस, एवढंच.
"ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" ऐकू आलं नि मागोमाग किंकाळी. फांदीबरोबर मातीचं ढेकूळच वर आलं होतं. चादर टाकून मावशींना ओढत आत आणलं. तोंड, मान, हात. ओठ सुजले, श्वास लागला. अविनाशनं गाडी काढली. दवाखान्यात इंजेक्शन, सलाइन, नाकाला नळी. रात्रभर ठेवणार आहेत.
अविनाश म्हणे, "काकू, तुम्हाले दिसलं नव्हतं का ते?" मला रडू फुटलं. त्याला वाटलं घाबरल्या. पाणी आणून दिलं बिचाऱ्यानं. ते प्याले मी! लाज नाही.

२५ ऑग., सोम.
पेस्ट कंट्रोलवाला दिवेलागणीला आला, सगळ्या आत परतल्यावर. बिळाच्या तोंडात पावडर मारली. बुजवू नका, पाणी ओतू नका, दोन दिवस इकडून जाऊ नका म्हणाला.
अविनाशनं रेतीकडे बोट दाखवलं. "त्याही मारा. एक नाही ठेवायची."
त्या नाहीत रे त्या. जिभेवर होतं. पण मग फरक कधी कळला, तेही सांगावं लागलं असतं. रेती पांढरी झाली.

२८ ऑग., गुरु.
एका रात्रीचं म्हणता म्हणता पाच दिवस झाले, आज मावशी घरी आल्या. एक डोळा अजून मिटलेला. मऊ खिचडी घेऊन गेले तर दारातच ऐकू आलं. अविनाश म्हणत होता, काकूच सांगत फिरत होत्या चावत नाही म्हणून. मावशी त्याच्यावरच भडकल्या. "काहून बोलतं गा तिले? मीच त्याइच्या घरात खुटा ठोकला."
डबा ठेवला नि पळाले. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० ऑग., शनि.
आज मावशी आपणहून आल्या. रेतीपाशी पाट टाकायला लावला. बराच वेळ बघत बसल्या.
"आपली एकही दिसून नाही राहिली वं?"
पावसानं गेल्या असतील, म्हटलं. आणखी एक खोटं.
मग सुजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "अवी उगाच डोकं लावते. तुले ते पहिलेच दिसलं असतं तं तू मले सांगतलंच असतं. हो न?" नि एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या.
म्हटलं, चहा टाकते.
आत येऊन हे लिहून राहिले. खिडकीतून दिसतात, तिथंच बसल्या आहेत. चहा उकळून उकळून अर्धा झाला.