पिंपावर ओरडायचा मान

मी तोरमोद ऑर्हुस, वय चोवीस, राहणार वॉस, सध्या उत्तर समुद्रात 'हावब्लिक' या मासेमारी बोटीवर. डोकं ठिकाणावर आहे, आज प्यायलेलो नाही, कोणी भरीस घातलेलं नाही. हिवाळ्यात प्रत्येकाने मृत्युपत्र करावं असा बोटमालकाचा नियम आहे, म्हणून लिहितो. शाळा लवकर सुटली. चुका पोटात घालाव्यात.

१. घरातला माझा वाटा, बचत आणि जाळी विणायच्या सुया धाकटी बहीण सिन्नव्हे हिला.

२. बाबांनी मागे ठेवलेलं बिअरचं विरजण, जे लाकडी कड्यावर वाळवून माळ्यावर टांगलं आहे, तेही तिलाच. आयविन्दमामांना त्यातला कणही मिळू नये. ते आमचे मास्तर होते, आणि भर वर्गात म्हणाले होते, "तुझ्या डोक्यात सातूचा चोथा आहे."

३. (जेवणानंतर.) आत्ता रेडिओफोनवर मामाच होते. शनिवारी सिन्नव्हेचं लग्न. त्यासाठी मामांनी बिअर घातली, दोन दिवस झाले, फेसच नाही.

"सातूचं पाणी किती गार करून विरजण घातलंत?"

"वीस अंश. पुस्तकात आहे तसं."

"ते पुस्तकातलं, मामा! आपलं विरजण थंडीनं झोपतं."

"मग ओतून देऊ?"

"खबरदार! चार बादल्या उपसा, चुलीवर ऊन करा, परत ओता. पिंपात कोपर बुडवून दहा मोजता आले पाहिजेत, इतकंच ऊन. मग थोडं विरजण आणखी घाला, मेंढीची कातडी गुंडाळा, सारखं झाकण उघडून डोकावू नका. आणि विरजण घालताना, ते जागं व्हावं म्हणून, पिंपावर ओरडलात का?"

मामा खाकरले.

"अरे, मी मास्तर माणूस."

"बाबा ओरडले की पलीकडच्या शेतावरची कुत्री भुंकायची. आधी मला ऐकवा."

मामा शेळीसारखे ओरडले. आमचा आचारी म्हणाला, "यानं मांजरसुद्धा उठायचं नाही!" दुसऱ्यांदा मात्र असा गळा फाडला की फोन खरखरला, आणि इकडे सगळी बोट ओरडली.

४. (दुसऱ्या दिवशी सकाळी.) सिन्नव्हेचा फोन. "दादा, फेसानं झाकण उचललंय! मामा पिंपाला मिठी मारून बसलेत. आवाज पार बसलाय, लग्नातलं भाषण गेलं!"

सबब मामांविषयीची कलम दोनमधली अट रद्द. विरजण सिन्नव्हेचं, माझ्या पश्चात त्यावर ओरडायचा मान मामांचा. जिवंत परतलो तर दोघं मिळून ओरडू. माझ्या अंत्यविधीची बिअरही त्यांनीच घालावी. मामांचा थर्मामीटर मात्र माझ्यासोबत पुरून टाकावा.

सही: तोरमोद ऑर्हुस
समक्ष: स्टायनार, आचारी (अजून हसतोय), ओड्डवार, तांडेल
बोट 'हावब्लिक', १४ नोव्हेंबर १९७८