टेबलावरचा चष्मा

प्रिय वहिनी,

नवा चष्मा नाकावर नीट बसतोय ना? तुझं माप घ्यायला मिळालंच नाही, जुन्या फ्रेमवरून अंदाजाने केला होता. कानामागे टोचत असेल तर काडी जरा गरम पाण्यात धर आणि हलक्या हाताने वाकव, जोर लावू नकोस. बघ, पत्र लिहायला बसले आणि सुरुवात केली ती आमच्या चष्म्याच्या दुकानातल्यासारखी! काय करू, महत्त्वाचं बोलायचं असलं की मला आधी असलंच काहीतरी सुचतं. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. हे पत्र आपली गाडीवाली, ती गाडी शिकवणारी मैत्रीण, स्वतः तुझ्या हातात देईल. वाचलंस की फाडून टाक. फोन केला असता, पण तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, आणि माझा फोन हल्ली रोज संध्याकाळी दादाच्या हातात जातो. त्याचं पुढे सांगते.

आधी त्या दुपारचं सांगते. तू मागच्या दाराने गेलीस, नंतर टेबलावर काय झालं ते तुला कोण सांगणार? गाडीवाली म्हणाली की दाराची कडी वाजली तरी तू अजून दचकतेस. मला वाटतं, तुला सगळं माहीत झालं तर जरा कमी दचकशील. निदान त्याच्या डोक्यात काय चालतं ते कळेल.

तुझ्या चष्म्याची काडी पहिल्यांदा मोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, बसले गं त्यावर. दुसऱ्यांदाही बसलीस. तिसऱ्यांदा तू काही सांगितलंच नाहीस, नुसता चष्मा काउंटरवर ठेवलास. अगं, मी दिवसभर दुसरं करते काय? माणूस चष्म्यावर बसलं की दोन्ही काड्या फाकतात, फ्रेम चपटी होते. एकाच बाजूची काडी बिजागरीतून उखडते ती बाजूने फटका बसला की. मी मान खाली घालून स्क्रू बसवत राहिले. तू आरशात न बघता चष्मा चढवलास आणि तुझे दादा बाहेर थांबलेत म्हणत निघालीस. माझा सख्खा भाऊ गं तो! ज्याच्या पाठीवर बसून मी लहानपणी घोडा घोडा केलं तो.

मग मी माझ्या दोघी मैत्रिणींना सांगितलं. सिस्टरने हॉस्पिटलात असे चष्मे खूप पाहिलेत, तिने एक प्रश्न विचारला नाही. गाडीवाली तर लगेच किल्ली घेऊन उठली होती, तिला कशीबशी खाली बसवली. तुला एकटीला तो कोपऱ्यावरच्या दुकानातही सोडत नव्हता, पण पाहुणा म्हणून बोलावलं तर तो तुला घेऊन येणार, हे मला ठाऊक होतं. सिस्टरला बढती मिळाली हे खरंच होतं, तिच्या पार्टीचं निमित्त केलं. तिच्या घराखालचं ते एवढंसं पिझ्झाचं दुकान, मोजून चारपाच टेबलं, कोपऱ्यात धगधगती भट्टी, हात धुवायच्या जागेला लागून स्वयंपाकघर आणि त्याचं दार मागच्या गल्लीत. पिझ्झावाल्याला सिस्टरने काय सांगितलं कोण जाणे. त्याने फक्त मान हलवली म्हणे.

तू बसलीस तेव्हा तुझा फोन आणि पर्स दादाने आपल्या मांडीवर घेतली, सांभाळायला म्हणून. तुला काय हवं असं पिझ्झावाल्याने तुलाच विचारलं आणि उत्तर दादाने दिलं. मशरूम अजिबात नकोत, हे त्याने दोनदा बजावलं. त्यावरच तर आमची सगळी मदार होती. माझ्या दादाला मी ओळखते. समोरच्याची चूक सापडली की तो जागचा हलत नाही, पुरता समाचार घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून गाडीवाली गाडी शिकवायची वेळ झाली सांगून उठली, आणि पाठोपाठ मशरूमनी गच्च भरलेला पिझ्झा आला.

दादा जो सुरू झाला! कान आहेत की नाहीत, धंदा करता की थट्टा करता, मालक कोण आहे इथला. पिझ्झावाला बिचारा हात बांधून ऐकत होता, मधेच मुद्दाम एखादं उलट उत्तर देऊन त्याला आणखी पेटवत होता. ठरल्याप्रमाणे तू वाफेने धुरकटलेला चष्मा काढलास, ताटलीशेजारी ठेवलास आणि हात धुवून येते म्हणालीस. दादाने तुझ्याकडे पाहिलं, मग चष्म्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भांडायला वळला. तू खुर्च्या चाचपत निघालीस. ते चाचपणं नाटक नव्हतं, तुला खरंच दिसत नव्हतं, आणि मला तुझा हात धरायला उठावंसं वाटत होतं. सिस्टरने टेबलाखाली माझ्या पावलावर पाय दाबून धरला होता. अजून निळं आहे तिथे.

थोड्याच वेळात काचेसमोरून गाडीवालीची गाडी गेली, टपावर तो शिकाऊ चालकाचा पिवळा बोर्ड मिरवत. सावकाश! माझा जीव टांगणीला लागलेला आणि त्या बाईने वळणावर इंडिकेटर दिला! दादाने पाहिलं आणि हसून म्हणाला, तुझी मैत्रीण बैलगाडी चालवते की काय. तू सीटखाली मुटकुळं करून पडली होतीस ना? मला वाटलं, आता माझ्या तोंडून किंकाळी निघते. मी पिझ्झाचा तुकडा तोंडात कोंबला. मशरूमसकट.

दुसरा पिझ्झा आला. दादा जेवला, चवीने जेवला. ही कुठे राहिली, असं त्याने विचारलं आणि स्वतःच चष्म्याकडे बोट दाखवलं, त्याशिवाय ती दोन पावलं जायची नाही, येईल. वहिनी, त्या चष्म्याने आपल्याला वाचवलं. तुझा दुसरा चष्मा गाडीच्या खणात आहे हे त्या टेबलावर फक्त सिस्टरला आणि मला माहीत होतं. थोड्या वेळाने तो उठला, जाऊन हात धुवायच्या जागेचं दार ठोठावलं, आणि एकटाच परत आला. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. तो ओरडला नाही. तुझा चष्मा उचलून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि उरलेला तुकडा शांतपणे संपवला. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. संपलं सगळं, असं मनात आलं. तर तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, रडू नकोस भित्री भागूबाई, सापडेल ती. लहानपणी त्यानेच ठेवलेलं नाव ते, तू नंतर लाडाने उचललंस. या नावापायीच त्याला माझा संशय आला नाही. एवढं धाडस ही करणारच नाही, ही त्याची खात्री.

त्याने सिस्टरला फैलावर घेतलं, गाडीवालीच्या दारात जाऊन तमाशा केला. दोघी ठाम राहिल्या. मला मात्र त्याने घरी आणलं, आईला एकटीला कसं ठेवायचं म्हणून. माझी भाड्याची खोली सोडायला लावली. मीही आले, आईसाठीच आले. तुझा चष्मा फ्रीजवर ठेवलाय, तो रोज पुसतो. सकाळी मला दुकानात सोडतो आणि दुपारपासून समोर गाडी लावून बसून राहतो. मी कुणाशी बोलले, किती वेळ बोलले, सगळं संध्याकाळी विचारतो. परवा आमटीत मीठ जास्त झालं. माझ्या चष्म्याची उजवी काडी मी काल दुकानात स्वतःच बसवली. मालकांनी काय झालं म्हणून विचारलं तर मी म्हणाले, बसले त्यावर. तुझं वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं गं!

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तू आईला फोन करून सुखरूप आहे म्हणालीस. आई दिवसभर हसत होती. पण नंबर तिच्या फोनमध्ये राहिला आणि दादाने तो उतरवून घेतला आणि तिच्या फोनमधून पुसून टाकला. रविवारी संध्याकाळी तुझा फोन वाजेल आणि बोलणारी मी असेन. दादा शेजारी बसलेला असेल. आई फार आजारी आहे, तुझ्या नावाचा धोसरा घेतलाय, एकदा येऊन भेटून जा, असं मी सांगेन. मी रडेन, आणि रडणं खरं असेल, म्हणून आधीच सांगते. येऊ नकोस! आई ठणठणीत आहे, आज सकाळीच माझ्याशी भाजीवरून भांडली. हे पत्र लिही असं मला तिनेच सांगितलं, नळ सोडून, भांडी घासता घासता. दादाने हेच आजारपण मामालाही सांगून ठेवलं होतं, तू विचारलंस तर मेळ बसावा म्हणून. तर मामा म्हणाला, एवढी आजारी आहे तर मी रविवारी सकाळीच येतो आणि तिला माझ्याकडे नेतो. आता दादाला नाही म्हणता येईना! तेव्हा फोन वाजेल तोवर आई इथून गेलेली असेल. राहिले मी. म्हणून माझं एक काम कर. फोन उचल, घाबरल्यासारखी हो म्हण, आणि सोमवारी दुपारच्या गाडीने येते असं सांग. तो तुला घ्यायला स्टेशनवर जाईल, त्या दिवशी दुकानासमोर कुणी नसेल. मी चष्मा काढून काउंटरवर ठेवीन आणि मालकांना म्हणेन, हात धुवून येते. माझा दुसरा चष्मा कालच गाडीवालीच्या गाडीच्या खणात जाऊन बसलाय. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी एवढं एक बोलशील ना?

तुझीच,
भागूबाई