गुंडाळून ठेवलेली तार

प्रिय बाबा,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, आईकडून वाचून घेऊ नका. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळींमध्ये जागा सोडली आहे. दोन दिवस लागले तरी चालतील. आई मध्येच विचारेल, काय म्हणते पोरगी, तर खुशाल आहे म्हणून सांगा. मी खुशालच आहे. वेळेवर जेवते. खोलीची खिडकी आता नीट लागते. घरमालकीणबाईंनी कुलूप बदलून दिलं, त्यामुळे निघताना ते तीनदा ओढून बघायची माझी सवय दोनदावर आली आहे. तुम्ही मला तपासनीस म्हणता ते काही उगाच नाही.

मी इथे नेमकं काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. एक लांबलचक टेबल असतं, त्यावर हिरवं कापड. आपल्यासकट तीन शेजारी देशांचे लोक तीन बाजूंना बसतात आणि चौथ्या बाजूला, कोपऱ्यात, मी. कुणाला वीज कमी पडली तर कुणी किती द्यायची, तारा कुठून न्यायच्या, त्यांची राखण कुणी करायची, यावर ते दिवस दिवस बोलतात आणि मी लिहून घेते. कुणी आकडा सांगितला की मी एकेक अंक सुटा करून परत म्हणते आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढे लिहीत नाही. पहिल्या दिवशी सगळे हसले. आमच्या बाई, म्हणजे माझ्या साहेब, म्हणाल्या, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात गं? मी पुढचा आकडा विचारला. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पण हे मी त्याच्या कितीतरी आधी शिकले होते.

तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. टॉवरच्या पायाचे खड्डे खणायला लागलात आणि आकडे पक्के म्हणून सबस्टेशनच्या फोनवर बसलात. सकाळी सहाला मी डबा घेऊन यायचे तेव्हा तो काळा फोन तुमच्या कानाला असायचा. सीमेपलीकडच्या सबस्टेशनातून काका त्यांच्या बाजूच्या विजेचा आकडा सांगायचे, तुम्ही परत म्हणायचात, ते 'बरोबर' म्हणायचे. मग तुमची पाळी. एकोणीस वर्षं असं चाललं आणि एकदाही भेट नाही. घरात त्यांना नाव नव्हतं, तुमच्यासाठी ते 'पलीकडचा' आणि माझ्यासाठी 'पलीकडचे काका'. त्यांची भाषा आपल्याला निम्मीच कळायची, पण आकडे झाले की तुम्ही दोघं ढगांपासून पाठदुखीपर्यंत सगळं बोलायचात. आई म्हणायची, माझ्याशी चार शब्द बोलायला जड जातं आणि त्या न पाहिलेल्या माणसाला सगळं सांगता. तुम्ही म्हणायचात, तो मध्ये बोलत नाही.

मी नववीत असतानाचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? लाइन दोन्हीकडून बंद होती आणि आपली तीन माणसं टॉवरवर चढलेली. काकांना त्यांच्या वरच्यांचा हुकूम आला, काम संपलंय, लाइन चालू करा. ते म्हणाले, पलीकडचा स्वतः सांगेपर्यंत मी हात लावणार नाही. तुम्ही बाहेर यार्डात होतात. वीस मिनिटं फोन वाजत राहिला आणि तेवढा वेळ ते शिव्या खात बसले. तुम्ही धावत येऊन फोन उचललात तेव्हा तिघंही वरच होते. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाला मी मुद्दाम लवकर आले होते, तुम्ही त्यांना काय म्हणता ते ऐकायला. तुम्ही नेहमीसारखा आकडा सांगितलात आणि शेवटी नुसतं म्हणालात, आज इकडे हवा बरी आहे.

हे सगळं मला माहीत होतं, बाबा. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड झाला आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी सीमेजवळचे दोन टॉवर पाडले. मग सुरक्षेची माणसं बैठकीला येऊन बसू लागली. ती म्हणाली, सबस्टेशनांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, सगळा निरोप राजधानीच्या नियंत्रण कक्षातून जाईल. करारात ते अकरावं कलम झालं. मसुदा मीच टाइप केला. टाइप करताना बाईंनी विचारलं, हे जुने फोन अजून वापरतं का गं कुणी? उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मला वाटलं, माझेच वडील तिथे बसतात, मी बोलले तर घरच्यांसाठी बोलल्यासारखं होईल. नोकरीला लागताना तुम्ही सांगितलं होतं ना, आपल्या माणसांसाठी कधी शब्द टाकू नकोस. मी म्हटलं, मला कल्पना नाही. मग तो मसुदा तीनदा तपासला. एकही चूक सापडली नाही.

फोन काढून नेला त्या आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, टेबल मोकळं झालं, डबा ठेवायला बरं. आईने नंतर हळूच सांगितलं की तुम्ही अजूनही सहाला पाच कमी असताना खुर्चीत जाऊन बसता. मी तेव्हाही काही बोलले नाही. सात महिने झाले.

मागच्या आठवड्याच्या बैठकीत पलीकडून एक म्हातारे इंजिनियर आले होते. मी त्यांचा आकडा परत म्हटला तसे ते 'बरोबर' म्हणायचं विसरून माझ्याकडे बघत राहिले. चहाच्या वेळी जवळ आले आणि म्हणाले, आमच्या सबस्टेशनात एक जण होता, तोही असाच बोलायचा, तू कुणाची? मी तुमचं सांगितलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. फोन काढायला माणसं आली तेव्हा काका त्यांना म्हणाले होते, तिकडच्या मोठ्या कचेरीत आमची मुलगी आहे, हे चुकून झालं असणार, ती दुरुस्त करेल. तार कापू नका, गुंडाळून ठेवा. आणि स्वतः गुंडाळून कपाटात ठेवली.

चहानंतर मी बैठकीत उभी राहिले. तोपर्यंत तिथे न विचारता कधी बोलले नव्हते. टॉवरवरच्या तीन माणसांचं सांगितलं आणि म्हटलं, राजधानीतून निरोप फिरून येईपर्यंत माणूस मरेल. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, माझे वडील आहेत तिथे. त्या म्हणाल्या, मग तर आधी तूच सांगायला हवं होतंस. पुढे दोन दिवस वादावादी झाली आणि अकरावं कलम बदललं. येत्या एक तारखेला तुमचा फोन परत लागतो आहे.

म्हणून हे पत्र त्याच्या आधी पोचायला हवं. बाबा, एक तारखेला सहाला तुम्ही फोन उचलाल तेव्हा पलीकडून दुसराच आवाज येईल. काका गेले. फोन काढल्यानंतर अकरा आठवड्यांनी, कामाला निघताना, घरातल्या घरात. तुम्हाला कळवायला त्यांच्याकडे फोनच नव्हता, आणि तो नव्हता कारण मी गप्प बसले. त्या अनोळखी आवाजातून तुम्हाला हे कळू नये असं मला वाटलं. मी फोन करूनही सांगितलं असतं, दोनदा हातात घेतला. पण फोनवर ऐकलेलं तुम्ही सवयीने परत म्हणता. तुम्ही ते वाक्य परत म्हटलं असतंत आणि 'बरोबर' म्हणण्यासाठी थांबला असतात. तो एक शब्द माझ्याने निघाला नसता. नव्या माणसाला तीच जुनी तार लावायला सांगितली आहे, तेवढं मी तपासून घेतलं.

तुमचीच,
तपासनीस