फादर आन्सेल्मोंचा गोल आणि माझी नोकरी

लोणावळा, ता. ९ फेब्रुवारी १९६१

तीर्थस्वरूप सीताराममामांना कोंडाजीचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? निर्गुंडीचा पाला कढतच बांधा. (कोमट बांधून जन्मभर लंगडणारी माणसं मी पाहिलीत.) "एक धड नोकरी धर, न्हाईतर गिरणीवर दळणं घालायला ये," असा तुमचा निरोप पोचला. मामा, नोकरी लागली! देहूरोडच्या लष्करी डेपोत, गोदामावर पहारेकरी. कशी लागली ते सांगतो, पण त्यासाठी आधी स्पेनला जावं लागेल.

चिक्कीच्या कढईपुढं भाजून निघालो म्हणून ते काम सोडलं आणि खंडाळ्याला फादरलोकांच्या बागेत पाणी घालायला लागलो. तिथं फादर आन्सेल्मो भेटले. वय सदुसष्ट, दाढी बैलाच्या शेपटीएवढी. हा माणूस तरुणपणी स्पेनात फुटबॉलचा नामी गडी होता! बाप कोळी. फाटक्या जाळ्यात चिंध्या कोंबून पोरानं चेंडू केला आणि अठराव्या वर्षी शहरातल्या क्लबानं त्याला उचललं. डोक्याला रुमाल बांधून खेळायचे (तेव्हाच्या चेंडूची शिवण कपाळ सोलायची, म्हणून), सहा वर्षांत एकसष्ट गोल. मग राजाच्या कपाची शेवटची मॅच. राजा समोर बसलेला. शेवटच्या मिनिटाला यांनी गोल मारला, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि हे पंचाजवळ जाऊन म्हणाले, चेंडू माझ्या हाताला लागला होता. पंचानं पाहिलंसुद्धा नव्हतं, मामा! मॅच गेली. आईची मासळी महिनाभर कुणी घेतली नाही. मग चोविसाव्या वर्षी झगा चढवला, बोटीत बसले आणि इकडं आले गुलाब छाटायला.

तर हे फादर डेपोच्या संघाला शिकवायला जातात. परवा तिथं एक गडी कमी पडला म्हणून मला नेलं. डेपोचे साहेब म्हणाले, चांगला खेळलास तर कामाला लावतो. हुतुतूत मला धरणारा मावळात कोण आहे? फुटबॉल मात्र पहिलाच. चेंडू घेऊन सुसाट सुटलो, पार गोलाच्या तोंडाशी गेलो, एवढ्यात समोरच्या गड्यानं माझा खांदा धरला. मी चेंडू तिथंच सोडला आणि रेघेबाहेर जाऊन मांडी घालून बसलो. साहेब ओरडले, "अरे, लागलं का?" म्हटलं, "न्हाई साहेब, त्यानं धरलं. बाद झालो." "मग ऊठ की!" "आपल्या गड्यानं त्यांचा एक मारला की उठतो."

फादर दाढी धरून हसत हसत गवतावरच बसले. डोळ्यांतून पाणी. पुस्तकातून शिकलेल्या मराठीत म्हणाले, "कोंडाजी, त्रेचाळीस वर्षे मला वाटत होते, असा मूर्ख मी एकटाच आहे."

मॅच हरलो. साहेब म्हणाले, हा मैदानात पुन्हा दिसता कामा नये, याला गोदामाच्या दारात उभा करा, खिळासुद्धा बाहेर जाणार नाही.

घरातल्या थोरांना दंडवत, पोरांना एकेक टपली.

आपला,
कोंडाजी

ता. क. – डेपोला वर्तणुकीचा दाखला लागतो, आणि तुम्ही गावचे पोलीस पाटील. "हा इसम गेली पाच वर्षे याच गावी सलग राहत आहे," एवढं लिहून शिक्का मारा. (मधलं कल्याण, नाशिक आणि तमाशाच्या ट्रकमधलं दीड वर्ष लिहू नका.) सोमवारच्या आत पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याची.

ता. क. दुसरा – खोटं कसं लिहू, म्हणाल. म्हणून आधी फादरांनाच विचारलं. ते आनंदानं तयार झाले. लिहिलं, "मी या इसमास अकरा दिवस ओळखतो." खाली सही, तारीख, सगळं झोकात. असल्या माणसाचा उपयोग काय मामा, तुम्हीच सांगा!