माझी वीत, यांची वीत

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळचा चहा झाल्यावर.

ही वही वाचणारा माणूस जगात एकच, आणि तोही असा विसराळू की उद्या हेच पान उघडून मला विचारेल, अगं, हे कुणाचं अक्षर? तुमचंच. मी सांगते आहे, तुम्ही लिहिताय. मला अक्षर येत नाही, तुमच्या काही लक्षात राहत नाही, म्हणून दोघं मिळून कसाबसा एक शहाणा माणूस होतो. चष्मा शोधू नका, कपाळावर आहे. लिहा.

आज ठरलं. नातीला गोधडी शिवायची. कॉलेजसाठी परगावच्या मुलाकडून आपल्याकडे राहायला आलेली पोर आता नोकरीला निघाली, लांब, थंडीच्या गावाला. एकवीस तारखेची गाडी. तिला झोपेत पांघरूण लाथाडायची सवय. इथे मी उठते, घालते. तिथे कोण घालणार? ऑफिसातला साहेब? तेव्हा गोधडी हवी ती जड, मोठी, चारी बाजूंनी गादीखाली खोचता येईल अशी. पोरीनं लाथ मारली तर लाथच परत यावी. डबलबेडची साइज. ती सिंगल पलंगावर झोपणार आहे, असं तुम्ही म्हणालात. म्हणूनच डबल.

मला शिवण येतं का, हेही विचारलंत. बटण लावते की! एकदा बटण आलं की बाकीचं शिवण म्हणजे काय, मोठं बटणच. शिवाय नातीच्या मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक बाई गाणं संपायच्या आत गोधडी शिवून मोकळी. आपल्या हातात अख्खे तीन आठवडे. उरलेल्या दिवसांत सोफ्याची कव्हरं करू.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

माळ्यावरून मशीन काढलं. म्हणजे तुम्ही काढलंत, मी खालून सूचना दिल्या. सूचना नसत्या तर पडला असतात. पडलात ते सूचना संपल्यावर.

कापड गोळा केलं. तुमचे शर्ट, माझे फुलाफुलांचे गाऊन, उशांचे अभ्रे, बैठकीतला पडदा. पडदा नवीन आहे असं तुमचं म्हणणं. कात्री लागली की कुठलंही कापड जुनंच.

कामाची वाटणी: फुलांचे तुकडे मी कापणार, साधे तुम्ही. जोडायचं काम माझं. तुम्ही टेप शोधायला निघालात. बसा. टेपवर आकडे असतात, आणि माझं नि आकड्यांचं कधी पटलं नाही. प्रत्येक तुकडा एक वीत लांब, एक वीत रुंद. देवानं टेप हाताला लावूनच पाठवलीय. तुम्ही मान डोलावलीत आणि कापायला बसलात. नवरा म्हणून तुमचा हा गुण मला आवडतो. हे लिहू नका. लिहिलंत? राहू दे.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

पहिली ओळ झाली! एक फुलांचा, एक साधा, एक फुलांचा, एक साधा. काय दिसतंय म्हणून सांगू! साधे तुकडे जरा हट्टी निघाले. फुलांचा तुकडा संपतो तरी साध्याचं शेपूट उरतं. मी ते दाबून चुण्या घातल्या. हल्ली याला फ्रिल म्हणतात.

नात ऑनलाइन मीटिंगमधून उठून बघायला आली. म्हणाली, आजी, कसलं गोड आहे गं! मग पाच मिनिटांनी परत आली आणि विचारलं, पण हे आहे काय?

७ फेब्रुवारी, शनिवार.

सगळ्या ओळी जोडून झाल्या. जमिनीवर पसरली. कडा जमिनीवर, मधला भाग तंबूसारखा वर. हातानं खाली दाबला तर दुसरीकडून वर आला.

गावातलीच आपली लेक आली होती. दारातच थबकली. म्हणाली, आई, ही गोधडी आडवी आहे की उभी? तिला सांगितलं, बाई, आत हवा राहते, हवेनं ऊब राहते. तुझ्या कंबलांत आहे का हवा? ती तोंडाला पदरासारखा स्कार्फ लावून स्वयंपाकघरात गेली. खोकत होती म्हणे. खोकल्याला असा खिदळण्यासारखा आवाज येतो हे मला आजच कळलं.

ती गेल्यावर कडेची एक ओळ कापून टाकली. मग समोरची, तोल साधायला. मग उरलेल्या दोन्ही, पहिल्या दोघींना वाईट वाटू नये म्हणून. आता सिंगल पलंगाची साइज झाली. मला आधीपासून सिंगलच हवी होती. डबल अंगावर आली असती.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

उजवी बाजू सरळ केली तर डावी वाकडी. डावी सरळ केली तर खालची तिरपी. खालची सरळ करणार एवढ्यात तुम्ही जेवायला मागितलंत. मोठ्या कामात हे असंच होतं. जेवणाचं टेबल चिंध्यांखाली आहे, त्याला मी काय करू? तुम्हाला बिस्किटं दिली. कलेसाठी माणसं याहून काय काय सोसतात.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी.

कुणाला सांगू नका. माझा हात आटलाय.

इस्त्री करताना एका साध्या तुकड्यावर सहज वीत ठेवली. अंगठा या टोकाला, तर करंगळी त्या टोकाला पोचेना. दुसऱ्यावर ठेवली. तीच गत. म्हणजे आठ दिवसांपूर्वी पुरत होता तो हात आता पुरत नाही. शिवणाचे कष्ट, दुसरं काय! माणूस म्हातारपणी वाकतो, बुटका होतो हे ऐकलं होतं. हातापासून सुरुवात होते हे कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरकडे जायचं नाही. दूध वाढवते. हाताला कोमट तेल लावून बोटं ओढत बसले आहे. तुम्ही लिहिताना माझ्या हाताकडे असं बघू नका.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

हसून हसून बरगड्या दुखताहेत. हळूहळू सांगते, तुमचंही अक्षर हसण्यानं वाकडं जातंय.

सकाळी तुम्ही म्हणालात, दाखव बघू कुठे कमी पडतोय तो. आणि काळजीनं तुमचा हात त्याच साध्या तुकड्यावर ठेवलात. चपखल! या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसा काही तुमच्याच हातासाठी कापलेला. होताच तो तुमच्या हातासाठी कापलेला! मी म्हटलं एक वीत, आणि या आज्ञाधारक माणसानं स्वतःची वीत लावून कापले. मी माझी लावून फुलांचे. एक बारका, एक मोठा, एक बारका, एक मोठा, आणि मी बिचारी चुण्या घालतेय.

लग्नाला इतकी वर्षं झाली. हा हात हातात धरला, रागानं झटकला, आजारपणात उशाशी घेतला. पण मापला कुणी होता?

तुम्ही आधी गंभीर झालात. म्हणालात, मी टेप आणतो म्हणालो होतो. हे म्हणायला नको होतं. मला हसू फुटलं, मग तुम्हाला, मग खुर्चीवरच्या टाचण्या तुम्हाला टोचल्या, मग तर विचारू नका. नात धावत आली, तिला वाटलं आम्हा दोघांपैकी कुणाला तरी काहीतरी झालं. तिला सांगता येईना. मी नुसते हात दाखवतेय, तुम्ही नुसते तुकडे. कळल्यावर ती जमिनीवर लोळली. लोळताना गोधडीत पाय अडकला आणि दोन टाके सुटले. जाऊ दे. सुटायचेच होते.

चूक हाताची आहे, माझी नव्हे. तुमच्या हाताची. नोंद करा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

उसवणं चालू. उसवायचं काम मला इतकं झकास जमतंय की वाटतं, माझी खरी कला हीच. मोठे तुकडे छाटून बारक्यांएवढे केले. काही छाटताना फाटले. काही तुम्ही चष्मा नसताना छाटलेत.

आता गोधडी गुडघ्यांपर्यंत पुरेल. तेवढी पुरे. गुडघ्याखाली पोरीला गरमच होतं, नाहीतर लाथा कशाला मारल्या असत्या?

१५ फेब्रुवारी, रविवार.

अस्तर लावलं, मध्ये कापूस घातला. मांडीवर घेऊन हातानं धावदोरा घालत बसले. सुई अशी पळत होती की बस! आज पहिल्यांदा सगळं सुरळीत. मनात म्हटलं, आता आपल्याला शिकवण्या घ्यायला हरकत नाही.

दाराची बेल वाजली. उठले. गोधडीही उठली. वरची फुलं, कापूस, अस्तर आणि माझ्या अंगातला गाऊन, सगळं एकाच टाक्यात, पार टोकापर्यंत. पोस्टमन दारात उभा. वरून खालपर्यंत बघून म्हणाला, आजी, थंडी फार आहे का? मी म्हटलं, तुला नाही वाजत का?

गाऊन कापायचा की गोधडी, यावर घरात चर्चा झाली. गाऊन मापानं शिवलेला होता. गोधडी कापली.

राहिली ती खुर्चीत बसून पायांवर घ्यायला छान आहे. नोकरी म्हणजे शेवटी खुर्चीतच बसायचं असतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

झाली! पूर्ण! आता फक्त एक धुणं, म्हणजे फिनिशिंग येईल.

संध्याकाळी. फिनिशिंग आलं. अस्तराचं लाल कापड कोरं होतं, आधी भिजवायचं असतं म्हणे. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलंही असेल, पण तिथे गाणं फार मोठ्यानं वाजत होतं. अस्तर आटलं, वरचं आटलं नाही, आणि गोधडी वाळली ती वाडग्यासारखी. चारी कोपरे वर. तिच्यासोबत तुमचे बनियन टाकले होते. गुलाबी रंग तुम्हाला खुलतो, खरंच सांगते.

उद्या कोपरे कापले की सपाट होईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी.

झाली सपाट. चार तुकडे सरळ उरले. दोन फुलांचे, दोन साधे.

नात आत बॅग भरतेय. दोनदा विचारून गेली, आजी, गोधडीला जागा ठेवू ना? मी म्हटलं, ठेव, भरपूर ठेव. तिनं स्वेटर बाहेर काढून ठेवला, जागा केली. ही जागा बघून आले तेव्हापासून माझं लक्ष लागत नाही.

बाजारातून कंबल आणू का, असं तुम्ही हळूच विचारलंत. आणू नका. मग म्हटलं, आणा. मग दुकान बंद झालं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

स्टेशनवरून आल्यावर लिहितो आहोत.

मी ठरवलं होतं, द्यायचंच नाही. ते चार तुकडे उशीखाली लपवले होते. पोर रिक्षात जाऊन बसली, मग उतरून परत आत आली, थेट माझ्या उशीशी. काल अभ्रा बदलताना तिला दिसलं होतं. हातात घेऊन उभी. मी घाईघाईनं सांगितलं, हा नमुना आहे गं, नमुना, रंग पसंत पडतो का बघायला, खरी मोठी गोधडी मागाहून येणार. ती हसली नाही. हसली असती तर मी रागावून मोकळी झाले असते.

बॅगेतली जागा तशीच ठेवून तिनं ते खांद्यावरच्या पर्समध्ये घातलं, तिकिटाशेजारी. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हात दाखवत होती. हात की फुलं, ते मला नीट दिसलं नाही. तुम्हालाही नाही. चष्मा कपाळावर होता.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

फोन आला. पोचली. खोली चांगली आहे. कंपनीनं खोलीत हीटर दिलाय, इतका गरम की पांघरूण लागतच नाही. पोचल्या पोचल्या दुपारभर अंगावर काहीसुद्धा न घेता गाढ झोपली म्हणे. लाथाडायलाच काही नाही.

आणि ते चार तुकडे? टेबलावर गरम भांडं ठेवायला एकदम परफेक्ट. फोटो पाठवलाय. तुम्ही दाखवलात, मी पाहिला. पातेल्याच्या बुडाखालून एक फूल बाहेर डोकावतंय.

मी तिला सांगितलं, अगं, ते त्यासाठीच शिवलं होतं.

आता वही मिटण्याआधी मोबाईल घ्या आणि लेकीला निरोप पाठवा, मी सांगते तसंच, आपल्या मनचं घालू नका. आज आमच्याकडे स्वयंपाक नाही. टेबलावर अजून चिंध्या आहेत आणि त्या आवरायला हात वळत नाही. सूप पाठव, घट्ट, बटाटा घालून, यांना चावायला त्रास नको. पाव पाठव, कापू नकोस, वाळतो. आणि कस्टर्डच्या वाट्या पाठव, तीन. तीन कशाला म्हणून विचारू नकोस, तीनच. लगेच दोनवर येता येत नाही.